स्त्रीधन आणि काशीबाईंची लेखणी

बिदर जिल्ह्यातील कल्याण नगरीचे नाव घेतले की बसवेश्वर व त्यांचा अनुभवमंटप डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्हा वकिली पेशातील माणसांना मात्र तेथे आणखी एका थोर पुरुषाचे स्मरण होते. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) ह्याच्या ह्याच राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. स्त्रीधन म्हणजे काय, हे सांगताना त्याने मूळ वचनातील 'आद्य' ह्या एका शब्दाचा उदार अर्थ लावला, आणि वारसा, खरेदी, वाटणी ह्यांनी स्त्रीकडे आलेले धनही स्त्रीधनांत घातले. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने १८७९ व १९१२ च्या निवाड्यांत हा अर्थ आखडता घेतला. कल्याणच्या पंडिताने उघडलेले दार लंडनच्या न्यायासनाने पुन्हा लोटून घेतले, असेच म्हणावे लागेल.

पण स्त्रीने लेखणीने मिळवलेले धन कोणाचे? विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधी १८७४ चा कायदा आहे. वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय कौशल्याने मिळवलेले द्रव्य त्या स्त्रीचे स्वतंत्र धन होय, असे त्याचे चौथे कलम स्पष्ट सांगते. मात्र दुसऱ्याच कलमाने हिंदू स्त्रियांना त्यातून वगळले. त्यांच्या वाट्याला राहिले कात्यायनाचे वचन: स्वकौशल्याने मिळवलेल्या धनावर पतीची सत्ता. ज्या स्त्रीने नेमक्या ह्याच काळात मराठी कादंबरी लिहावयास घेतली, तिची ओळख आज करून द्यावी असे आम्हांस वाटते.

काशीबाई कानिटकर ह्यांचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी सांगलीजवळील आष्टे येथे, बापट घराण्यात झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर ह्यांच्याशी झाला. गोविंदराव पुढे न्यायखात्यात अधिकारी झाले. ते स्वतः कवी होते व स्त्रियांच्या परवशतेवरील मिल्लच्या ग्रंथाचे भाषांतरही त्यांनी केले. पतीला निरक्षर पत्नी नको होती आणि घरातील वडीलधाऱ्यांना शिकलेली सून नको होती. ह्या दोन इच्छांच्या कात्रीत सापडलेली ही मुलगी चोरूनमारून अक्षरे गिरवीत राहिली. शाळेचे तोंड न पाहता तिने मराठी साध्य केले व पुढे इंग्रजीही आपलेसे केले.

त्यांच्या आधी १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकर ह्यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही कादंबरी निघाली होती. पण ती जुन्या अद्भुत कथांच्या वळणाची होती. काशीबाईंची 'रंगराव' मासिकातून क्रमशः येऊ लागली ती आपल्या काळातील घरांत वावरणारी होती. पुस्तकरूपाने ती १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. 'पालखीचा गोंडा' ही दुसरी कादंबरी १९२८ ची. मतिमंद राजाशी विवाह झालेली एक स्त्री संस्थानाचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या शिक्षणाची व अधिकाराची नवी व्यवस्था उभारते, अशी तिची कथा आहे. पालखीचा गोंडा म्हणजे मानाची खूण. मान मिळतो, पण सत्ता? हा प्रश्न काशीबाईंनी कथेच्या मिषाने विचारला आहे.

तथापि वकील म्हणून आम्हांस सर्वांत मोह पडतो तो त्यांनी लिहिलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्राचा. फिलाडेल्फियास १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये निवर्तल्या. अमेरिकेत कॅरोलिन डॉल ह्या बाईंनी १८८८ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. काशीबाईंनी मराठीत लिहिताना आनंदीबाईंच्या पत्रांना पुराव्याचे स्थान दिले. साक्षीदार हयात नसला तरी त्याच्या हातचा कागद बोलतो, हे तत्त्व त्यांनी कोणत्याही कायद्याच्या वर्गात न बसता ओळखले होते.

काशीबाईंचे देहावसान ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. महात्मा गांधींची हत्या झाली तोच हा दिवस. पुढे वाङ्मयेतिहासात हरिभाऊ आपट्यांच्या स्नेहपरिवारातील एक नाव म्हणून त्यांचा उल्लेख होत राहिला. डॉ. सरोजिनी वैद्य ह्यांनी त्यांचे आत्मचरित्र संपादून प्रसिद्ध केले आणि मीरा कोसंबी ह्यांनी २००८ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. एवढे झाले ते कागद उरले होते म्हणून.

येथे आमच्या सीमाभागाचा संबंध येतो. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर हे दत्तभक्तांचे माहेर. तेथील श्रीगुरूंची लीला सांगणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड, तरी 'गुरुचरित्र' त्यांनी मराठीत रचले. भाषेची ही देवघेव ज्यांच्या अंगवळणी पडली आहे अशा घरांत आज्या-पणज्यांच्या हातच्या वह्या असतात: ओव्या, आरत्या, व्रतकथा, माहेरची पत्रे, क्वचित घरखर्चाच्या हिशेबाशेजारी लिहिलेले चार मनचे शब्द. पोथी सोवळ्यात जपली जाते. ही वही मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाते.

१९५६ मध्ये बिदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. विज्ञानेश्वराने जे द्यावयास काढले होते ते, आणि त्याहून अधिक, अशा रीतीने स्त्रियांच्या पदरी पडले. मात्र शेत व सोने वाटून घेताना आईच्या हस्ताक्षराची वाटणी कोणी मागत नाही. ते मागणारा वारस प्रत्येक घरात एक तरी निघावा. आपापल्या देवस्थानाच्या वाचनालयात ह्या वह्यांसाठी एक कपाट राखून ठेवले, तर खर्च अल्प आहे. आणि तेथे पहिले पुस्तक ठेवावयाचे झाल्यास ते काशीबाईंचे ठेवावे.