४१६८०१ (संख्या)

४१६८०१ : सहा अंकी, विषम, संयुक्त संख्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या तळेरे गावाचा हा पिनकोड आहे. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातलेच. ४१६ ने सुरू होणारे पिनकोड मुख्यतः कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आढळतात, तर शेवटचे ८०१ हे अंक टपाल कार्यालय दाखवतात. अंकांची ही जुळणी टपालाच्या सोयीसाठी झाली. पण पुढील गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत.

अवयव : शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा केल्यास ८०१ − ४१६ = ३८५ उरतात. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे ३८५ ला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का, एवढेच पाहणे पुरते. ७ व ११ ने तो जातो, १३ ने जात नाही. म्हणून ४१६८०१ = ७ × ११ × ५४१३; हे तिन्ही अवयव मूळ आहेत. विभाजक आठ : १, ७, ११, ७७, ५४१३, ३७८९१, ५९५४३ आणि ४१६८०१. संख्या स्वतः वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज १०२९४३, म्हणजे संख्येहून कमी; म्हणून ही न्यून संख्या होय. ७ आणि ११ या अवयवांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते व ते एकेकदाच येतात; त्यामुळे ही संख्या दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही.

कापरेकरांच्या कसोट्या : देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांचे अनेक नवे प्रकार शोधले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटले. येथे ती बेरीज २० आहे आणि शेवटचा अंक १, म्हणून ही संख्या हर्षद नाही. ती स्वयंभूही नाही, कारण तिला जनक आहे : ४१६७७३ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज २८ मिळवली की ४१६८०१ येते. दुसरा जनक नाही.

अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करण्याची त्यांची क्रिया चार अंकी संख्येला, सर्व अंक सारखे नसल्यास, ६१७४ वर नेऊन थांबवते. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही : ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या आणि सात संख्यांचे एक चक्र आहे. ४१६८०१ चा प्रवास ८६४११० − ०११४६८ = ८५२६४२ असा सुरू होतो. पुढे ६४०८५४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ या संख्या येतात आणि आठव्या पायरीवर ४२०८७६ मिळते. तेथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६ असे चक्र अखंड चालते. वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा सारा प्रवास कागद-पेन्सिलीने पडताळता येतो, आणि कापरेकरांच्या गणिताचे मोठेपण याच सुलभतेत आहे.