‘लॉयल्टी’ बोटीचा प्रवास

वाचकहो, विलायतेच्या वाटेवरच्या मोठमोठ्या आगबोटींपैकी दोन-चारांची नावे तरी आपल्या कानांवरून गेलेली असतात. १९१० साली मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी जिच्यातून समुद्रात उडी घेतली ती ‘मोरिया’. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी मुंबईहून जिच्यातून निघाले ती ‘राजपुताना’. विमानाचा प्रवास रूढ होण्यापूर्वी युरोपला जायचे म्हणजे अशाच एखाद्या तरंगत्या वाड्यात काही आठवडे मुक्काम करायचा. या दोन्ही बोटींमध्ये एक गोष्ट मात्र सारखी होती. दोन्ही लंडनच्या पी. अँड ओ. कंपनीच्या मालकीच्या. बंदर आमचे, उतारू आमचे, भाडे आमच्या खिशातले. बोट तेवढी दुसऱ्याची!

आता पेडगावचा एखादा शेतकरी विचारील, “अहो, आमच्यापासून समुद्र चारशे किलोमीटरांहून लांब. बोट कुणाची का असेना, आम्हाला त्याचं काय?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर त्याच्याच शेतात उगवते. १९०० साली निजामाच्या मुलखातून मनमाडपर्यंत मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि या वाटेवरच्या परभणी, पेडगाव, मानवत, सेलू भागातल्या कापसाला मुंबईची वाट जवळ झाली. मुंबईच्या कापसाला गिऱ्हाईक जसे गिरण्यांत होते तसे समुद्रापलीकडेही होते. तिथे माल पोहोचवण्याचे भाडे जितके जास्त, तितका इथल्या कापसाला भाव कमी. बोटीच्या मालकीचा प्रश्न असा थेट काळ्या मातीपर्यंत येतो.

हे दुखणे जमशेटजी टाटांनी फार आधी ओळखले होते. कापूस आणि सूत चीन-जपानकडे नेण्याचे पी. अँड ओ. चे दर त्यांना जाचक वाटले, म्हणून १८९३ साली एका जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या बोटी सुरू केल्या. त्यावर पी. अँड ओ. ने काय करावे? आपले दर टनामागे दीड रुपयापर्यंत खाली आणले! टाटांच्या बोटी लवकरच बंद पडल्या. पुढे १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम् पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. दोनच वर्षांत त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि तुरुंगात बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपण्यात आले. सरकार पाहत नव्हते असे नाही. ते वेड पांघरून पेडगावला गेले होते. (ही म्हण श्रीगोंद्याकडच्या पेडगावची बरं का, परभणीच्या नव्हे.)

अशा वेळी एक म्हातारी बोट या गोष्टीत येते. तिचे जन्मनाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९० साली इंग्लंडमधील बॅरो येथे ती पाण्यात उतरली. वजन सुमारे सहा हजार टन, लांबी साडेचारशे फुटांवर, पांढरी शुभ्र काया, दोन धुरांडी आणि तीन डोलकाठ्या. तिची मालक कॅनडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी. या कंपनीची गाडी उतारूला कॅनडाच्या पूर्वेकडून व्हँकुव्हरपर्यंत आणी आणि तिचीच बोट त्याला पुढे योकोहामा, शांघाय, हाँगकाँगला नेई. आपल्या काळातली ही नावाजलेली बोट. नाव हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचे, पण तिची वीसेक वर्षे गेली प्रशांत महासागरात!

१९१४ साली महायुद्ध पेटले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पुढाकार घेऊन ही बोट घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले. साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंद्यांचा हा वंशज. १९०० सालच्या चीनच्या मोहिमेतही त्यांनी अशीच एक इस्पितळ-बोट दिली होती. नव्या बोटीला नाव ठेवले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा.

युद्ध संपले आणि बोट विकायला निघाली. ती घेणाऱ्यांत पुढे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. हा गृहस्थ मूळचा रेल्वेचा कंत्राटदार. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी पहिले काम केले ते बार्शी लाइट रेल्वेवर, येडशी-तडवळ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच मातीत. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास ही मुंबईची मातब्बर मंडळी त्यांच्याबरोबर आली. २७ मार्च १९१९ रोजी कंपनी स्थापन झाली. बोट शिंद्यांची, म्हणून कंपनीचे नावही ‘सिंदिया’.

अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिलला, ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनसाठी नांगर उचलला. दुसऱ्याच दिवशी रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पडला. बोट अजून वाटेवर होती तोच १३ तारखेला जालियनवाला बाग घडली. राजनिष्ठेचे नाव मिरवणारी बोट हिंदी मालकीच्या सागरी व्यापाराची नांदी करीत होती. नाव बदलण्याइतकीही सवड मालकांना मिळाली नव्हती!

धंदा म्हणून पाहिले तर हा सौदा काही फळला नाही. अठ्ठावीस वर्षांची, उतारूंसाठी बांधलेली, कोळशावर चालणारी बोट! १९२१ साली ती नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली. दरम्यान पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांच्याशी दरांची झुंज जुंपली होती. १९२३ सालीच सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. बोटी पाऊण लाख टनांच्या आत ठेवायच्या, हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याबाहेर जायचे नाही, अशा त्याच्या अटी. ही शरणागतीच, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्या वेळी तग धरण्याला दुसरा मार्ग उरला नव्हता. मानी माणसाला हा करार झोंबला असणार. पण आधीच्या कंपन्या बुडाल्या आणि ही टिकली, हा फरक लहान नव्हे.

टिकली म्हणूनच पुढचे घडले. १९२९ साली वालचंद तिचे अध्यक्ष झाले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कंपनीच्या गोदीची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी त्याच गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. दुसऱ्याची जुनी बोट विकत घेण्यापासून स्वतःचे आठ हजार टनी जहाज बांधण्यापर्यंतचे हे अंतर एकोणतीस वर्षांत काटले गेले.

पुढे सिंदिया कंपनीही काळाच्या ओघात लयाला गेली. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बंदरांत पताका लागतात, भाषणे होतात. पण आजही आपल्या परदेशी व्यापारातला बहुतेक माल परदेशी जहाजांतूनच जातो आणि त्याचे भाडे देशाबाहेर जाते. तेव्हा पेडगावहून कापसाची गाडी निघेल, तिच्याकडे पाहून गाठीचा भाव विचाराच; पण या गाठीला समुद्रापार कोण नेणार आणि किती भाडे घेणार, हेही एकदा विचारून ठेवा. वालचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी एक म्हातारी बोट घेतली, ती याच प्रश्नासाठी.