ट्यूबलाइटखालचे भुंगेरे: सगळेच हुमणी नसतात!

वळवाचा पाऊस पडून गेला की नवीन जालन्यात संध्याकाळी ट्यूबलाइटवर टकटक सुरू होते. सकाळी बघावं तर ओट्यावर भुंगेरे उलटे पडलेले. पहिल्या वर्षी मी ते सगळे एकाच बाटलीत भरले आणि वर चिठ्ठी लावली: 'हुमणी'. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ही चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

हुमणीचा तपकिरी भुंगेरा कडुनिंब-बाभळीचा पाला खातो आणि त्याची अळी जमिनीत पिकांची मुळं कुरतडते. शेतकऱ्याचा राग रास्तच आहे. पण त्याच दिव्याखाली काही शेणकिडेही येतात. बहुतेक काळे, फावड्यासारख्या चपट्या डोक्याचे. ते शेण जमिनीत पुरतात आणि त्यावर त्यांच्या अळ्या वाढतात. त्यात माती भुसभुशीत होते, खत मुळांजवळ पोचतं.

यांची नोंद जुनी आहे. हुमणीच्या 'सेराटा' या जातीला फॅब्रिशियसने १७८१ मध्येच नाव दिलं. पुढे लंडनच्या संग्रहालयातले गिल्बर्ट ॲरो यांनी 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत १९३१ साली शेणकिड्यांवर वेगळा खंड लिहिला.

पण नाव कळलं म्हणजे काम कळलं असं नाही. ते कळायला ऑस्ट्रेलियाकडे बघावं लागतं. तिथे १७८८ मध्ये वसाहतवाल्यांबरोबर गायी पोचल्या. कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले तिथले बहुतेक किडे गायीच्या ओल्या शेणाकडे फिरकेनात. शेण महिनोन्‌महिने पडून राहायचं, गवत झाकलं जायचं, माश्या वाढायच्या. हंगेरीहून तिथे गेलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिझा यांनी हे हेरलं आणि १९६८ पासून बाहेरचे शेणकिडे आणून तिथे सोडले गेले. आपल्याकडे हेच काम फुकट होतं, म्हणून ते दिसत नाही.

आता आपल्या शिवाराचा प्रश्न. हुमणीसाठी लावलेल्या प्रकाश सापळ्यात दिव्याकडे येणारे दोघंही रॉकेलमिश्रित पाण्यात बुडतात. सापळा लावूच नका, असं माझं म्हणणं नाही. पण सकाळी मोजणी करताना वहीत दोन रकाने करा: एक हुमणीचा, एक शेणकिड्यांचा. दुसरा रकाना भरत चालला, तर सापळा कधी लावायचा आणि किती वेळ, हा तुमचा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो.

माझ्या बाटलीवरची ती चिठ्ठी मी अजून काढलेली नाही. रोज समोर दिसलेली बरी.