मिरचीच्या जाती मोजायच्या कशा?

आमच्या गच्चीवर सहा कुंड्यांत मिरची लावली आहे. ब्याडगी, संकेश्वरी, भिवापुरी, ज्वाला, ढोबळी आणि केरळातल्या एका स्नेह्यांनी बी दिलेली कांतारी. पाहायला येणारा हमखास विचारतो, "अरे वा, सहा जातींच्या मिरच्या!" अशा वेळी काय उत्तर द्यावे हा प्रश्न पडतो. बाजाराच्या हिशेबाने त्या सहा आहेतच. मसाल्याला कुठली, ठेच्याला कुठली, भाजीला कुठली यात कोणतीही गृहिणी चूक करणार नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिथे जाती दोनच आहेत. कांतारी एक, आणि बाकीच्या पाचही मिळून दुसरी. लांब सुरकुतलेली ब्याडगी आणि फुगलेली बिनतिखट ढोबळी एका जातीच्या, आणि बोटाच्या पेराएवढी कांतारी मात्र वेगळी, हे ऐकून मुलेच काय, शिक्षकही साशंक होतात. त्यांनी व्हावेच. खुद्द शास्त्रज्ञांना हा हिशेब जुळवायला दोनशे वर्षे लागली.

आधी एक खुलासा. बोलताना आपण 'जात' हा शब्द सैल वापरतो. या लेखात 'जात' म्हणजे शास्त्रज्ञांची जात, आणि तिच्यातले शेतकऱ्यांनी निवडून टिकवलेले प्रकार म्हणजे 'वाण'. हापूस आणि पायरी हे वाण, आंबा ही जात.

मिरची मूळची आपल्याकडची नाही, हे आता पाठ्यपुस्तकातही असते. पण "कशावरून?" असे विचारले तर काय सांगाल? एक पुरावा आपल्या जिभेवरच आहे. मिरे या शब्दापासून मिरची झाली. कानडीत मिऱ्याला मेणसु आणि मिरचीला मेणसिनकाई, तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय. म्हणजे मिऱ्याचे फळ! जुन्या ओळखीच्या तिखट वस्तूचे नाव नव्या पाहुण्याला लावून सगळे मोकळे झाले. मलयाळममध्ये तर कप्पल मुळकु, म्हणजे जहाजावरची मिरी, असेही एक नाव आहे. बंगालीत मिरचीला लंका म्हणतात. ती समुद्रापलीकडून आली याची ही आठवण असावी. दुसरा पुरावा लिखित आहे. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे साहित्य वजनासकट दिले आहे. त्यात मिरी आहे, मिरची नाही. आणि तिसरा पुरावा मातीतला. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमध्ये उत्खननात मिळालेल्या जुन्या भांड्यांवर आणि दगडी पाट्या-वरवंट्यांवर मिरचीतल्या पिष्टाचे सूक्ष्म कण सापडले. ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. इतका जुना पुरावा आपल्याकडे कुठेही नाही.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी वाणांचा पसारा केव्हाच उभा केला होता. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांची माहिती त्यांच्याच तोंडून लिहून घेतली. तीत बाजारात मिरच्या विकणाऱ्याचेही वर्णन आहे. तो हिरव्या, पिवळ्या, तांबड्या, धुरावलेल्या, बारीक, लांब अशा मिरच्या मांडून बसतो. त्यांत चांगला विक्रेता कोणता आणि लबाड कोणता हेही दिले आहे. मंडईचा हा अनुभव आपल्याला नवा नाही.

कोलंबस मिऱ्याच्याच शोधात निघाला होता. त्याला मिरी मिळाली नाही, ही तिखट फळे मिळाली. पोर्तुगीज जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि इथे इतकी रुजली की थोड्याच काळात युरोपातल्या विद्वानांना ती भारतातलीच वाटू लागली. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने १५४२ साली वनस्पतींचा एक मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यात मिरचीची सुरेख चित्रे आहेत आणि नाव दिले आहे 'कालिकतची मिरी'! तोपर्यंत वास्को द गामाला कालिकतला येऊन पन्नास वर्षेही झाली नव्हती.

आता मोजणीकडे वळू. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. त्याने मिरचीला कॅप्सिकम हे आडनाव देऊन तिच्या दोन जाती मानल्या. एक 'अ‍ॅन्युअम', म्हणजे वर्षायू, आणि दुसरी 'फ्रूटेसेन्स', म्हणजे झुडपासारखी. यातले पहिले नाव चुकलेलेच आहे. मिरचीचे झाड वर्षानंतर आपोआप मरत नाही. आमच्या कुंडीतली ज्वाला तिसऱ्या वर्षीही फुलते आहे, खोड चांगले लाकडासारखे झाले आहे. लिनिअसच्या थंड देशात हिवाळा तिला मारत असे, एवढेच. पण नाव एकदा दिले की दिले. पुढे १७७६ मध्ये जाकँ या शास्त्रज्ञाने आणखी एक जात वर्णन करून तिला 'चायनेन्स' हे नाव दिले. ती चीनमधली असा त्याचा समज होता. वास्तविक ती अमेझॉनच्या खोऱ्याकडची. ईशान्य भारतातली प्रसिद्ध भूत जोलोकिया मुख्यतः याच जातीची. २००७ साली गिनीज बुकाने जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद केली. (तो मान पुढे इतर वाणांकडे गेला.)

यानंतर जातींना ऊत आला. नव्या प्रदेशातून नव्या आकाराची मिरची आली की नवी जात! १८५२ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युनाल याने ५० जाती दिल्या आणि आणखी ११ संशयित म्हणून नोंदवल्या. मग लंबक उलट दिशेला गेला. अमेरिकेत आयरिश याने बागेतल्या वाणांचाच खास अभ्यास करून १८९८ मध्ये हा आकडा दोनवर आणला. १९२३ साली बेली या नामवंत उद्यानतज्ज्ञाने तर सगळ्या मिरच्या मिळून एकच जात असल्याचे सांगितले. उष्ण प्रदेशात सगळ्याच मिरच्या अनेक वर्षे जगतात, मग वर्षायू अशी वेगळी जात कसली, हा त्याचा मुद्दा. मुद्दा बरोबर होता, निष्कर्ष चुकला. पन्नास, दोन, एक! झाडे तीच, पाहणारे हुशार, आणि उत्तरे अशी.

गडबड कुठे होत होती? बहुतेक जण फळाकडे पाहत होते. फळ लांब की गोल, खाली लोंबणारे की वर तोंड केलेले, लाल की पिवळे. आपणही तेच करतो, कारण आपल्याला मिरचीचे फळच हवे असते. पण नेमकी इथेच मेख आहे. हजारो वर्षे माणसाने बी राखताना फळ पाहूनच राखले. कोणाला मोठे हवे, कोणाला तिखट, कोणाला रंगाला चांगले. त्यामुळे एकाच जातीत फळांचे असंख्य आकार झाले. उलट दोन वेगळ्या जातींतही बारीक तिखट फळे निवडली गेली की ती सारखी दिसू लागली. फुलाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मिरचीचे फूल सुंदर आहे म्हणून कोणी बी राखल्याचे ऐकले आहे का? म्हणून फुलाने आपली मूळची ठेवण फारशी सोडली नाही.

ही गोष्ट डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहिली होती. कोबीवर्गातल्या भाज्यांची पाने किती निरनिराळी आणि फुले किती सारखी, हे त्याचेच उदाहरण. माणसाला झाडाचा जो भाग हवा, तोच सर्वांत जास्त बदलतो. मिरचीच्या बाबतीत या सूत्राचा उपयोग व्हायला आणखी नव्वद वर्षे जावी लागली, याचे मला फार आश्चर्य वाटते.

मधल्या काळात भारतातही मिरचीवर चांगले काम झाले. त्याची माहिती आपल्या शिक्षकांना सहसा नसते. बिहारमध्ये पुसा येथे १९०५ साली सरकारी शेती संशोधन संस्था निघाली होती. तिथल्या शॉ आणि अब्दुर रहमान खान यांनी देशभरातल्या मिरच्यांचे प्रकार लावून, निवडून त्यांचे वर्णन १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. 'भारतीय मिरच्यांचा अभ्यास' या त्याच लेखमालेत पुढे आर. बी. देशपांडे यांचे निबंध आहेत. १९३५ च्या निबंधात त्यांनी तिखट आणि बिनतिखट मिरच्यांचा संकर करून दाखवले की तिखटपणा असणे की नसणे हे एकाच जनुकावर ठरते आणि तिखटपणा प्रभावी असतो. मेंडेलच्या वाटाण्याचा नियम, पण आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूवर! (किती तिखट, हे मात्र अनेक जनुकांवर आणि ऊन-पाण्यावरही अवलंबून असते.) १९३४ च्या भूकंपात पुशाच्या इमारती ढासळल्या आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. जाताना नावही बरोबर घेऊन गेली. आमच्या कुंडीतल्या ज्वालाचे पूर्ण नाव 'पुसा ज्वाला'.

शेवटी अमेरिकेतल्या चार्ल्स हायझर आणि पॉल स्मिथ यांनी मिरच्यांचे नमुने गोळा करून शेजारी शेजारी वाढवले. त्यांनी फुले तपासली, आणि कोणाचा कोणाशी संकर होतो, त्या संकराला रुजणारे बी धरते का, हे पाहिले. १९५३ साली त्यांनी लागवडीतल्या चार जाती सांगितल्या, १९५७ मध्ये 'चायनेन्स' धरून त्या पाच झाल्या. आज हाच आकडा मानला जातो. रानटी मिरच्या धरून केलेल्या २०२२ च्या पाहणीत एकूण ४३ जाती आहेत. वाद अगदी संपलेला नाही. अ‍ॅन्युअम, चायनेन्स आणि फ्रूटेसेन्स या तिघी जवळच्या बहिणी आहेत आणि त्यांच्यात थोडाफार संकर होतो. जात ही रेघ निसर्गाने दर वेळी ठळक ओढलेली नसते.

हे सारे एका भिंगाने वर्गात दाखवता येते. अ‍ॅन्युअमचे फूल पांढरे, बहुधा एका पेरावर एकच आणि परागकोश निळसर-जांभळे. ढोबळी आणि ब्याडगीची फुले शेजारी ठेवा. ढोबळीचे थोडे मोठे असेल, पण ठेवण तीच. कांतारीचे फूल हिरवट पांढरे आणि देठ वर उभा. चायनेन्स मिळाली तर एका पेरावर दोन-तीन फुले आणि फळाच्या टोपीखाली देठावर वळ्यासारखी खाच दिसेल. उरलेल्या दोन जाती आपल्याकडे क्वचितच दिसतात. बॅकॅटमच्या पाकळ्यांवर हिरवट-पिवळे ठिपके असतात. पुबेसेन्सचे फूल जांभळे आणि बिया चक्क काळ्या.

फूल पाहायचे ते एवढ्याचसाठी नव्हे. घरच्या बागेत अनेक वाण लावणाऱ्याला त्याचा दणका बसतो, तसा मलाही बसला. चार वर्षांपूर्वी एका शाळेतल्या शिक्षकमित्राला मी भिवापुरीचे बी मोठ्या हौसेने दिले. नागपूर जिल्ह्यातला हा जुना वाण मुलांनी वाढवावा, ही इच्छा. पुढच्या वर्षी त्यांचे पत्र आले, "काही झाडांना लांबोडक्या मिरच्या, काहींना जाड आणि बोथट. यातली भिवापुरी कोणती?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या पाच कुंड्या एकाच जातीच्या, म्हणजे मधमाशीला पाचांत काहीच फरक नाही. मिरचीचे फूल बरेचसे स्वतःच्याच परागावर फळते, पण मधमाश्या भरपूर असतील तर संकरही बराच होतो. मी बी दिले ते भिवापुरीच्या झाडावरचे होते खरे, पण बाप कोण याची खात्री नव्हती.

यावरून एक नेहमीचा समजही तपासता येतो. ज्वालाशेजारी लावलेली ढोबळी तिखट होते, असे म्हणतात. त्याच वर्षी तसे होत नाही. मिरचीतले तिखट द्रव्य तयार होते ते आतल्या पांढऱ्या गादीत, जिला बिया चिकटलेल्या असतात. ती गादी आईच्या झाडाची, तिच्यात बापाचा वाटा नाही. मात्र ते बी पेरले की संकराचे झाड तिखट निघते. त्याच्या पुढच्या पिढीत साधारण तीन तिखट आणि एक बिनतिखट, देशपांड्यांनी दाखवले तसे. पुरेशी झाडे लावली तर हा प्रयोग शाळेच्या परसबागेत दोन हंगामांत होतो. चाखण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावे, आणि दही जवळ असू द्यावे.

बी राखायचे असेल तर उपाय सोपा आहे. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. जुन्या मलमलीची छोटी पिशवी त्या फांदीवर चढवून सैल बांधायची. फुले उमलली की रोज सकाळी पिशवीसकट फांदीला हलकी टिचकी मारायची. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि ते झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचे. दोऱ्याची मिरची घरात कोणी तोडायची नाही, हे मात्र आधी सांगून ठेवावे लागते. यंदा भिवापुरीवर अकरा दोरे बांधले होते, त्यांतले नऊ शिल्लक आहेत. उरलेल्या दोन मिरच्या ठेच्यात गेल्या. नऊ फळांचे बी वाळले की ते त्याच शाळेत पाठवायचे आहे.