स्वतंत्र तबकड्यांचें एक वर्ष

वर्ष सरत आलें म्हणजे व्यापारी जसा वही घेऊन बसतो, तसा संगीताचा नादी मनुष्यहि मनाशीं एक हिशोब मांडीत असतो. गेल्या बारा महिन्यांत आपण काय ऐकलें, त्यांतलें काय मनांत राहिलें आणि काय आठवड्याभरांत विरून गेलें, याची तो एक यादी करतो. ही यादी त्याच्याजवळ कोणी मागितलेली नसते. तिच्यामुळें कोणाला बक्षीस मिळत नाहीं, आणि एकदोन मित्रांना ती ऐकवून झाली कीं बहुधा तिचें आयुष्य संपतें. तरीसुद्धां अशा याद्यांचा इतिहास लिहिण्यासारखा आहे, असें आमचें मत आहे. इंग्लंड व अमेरिका या देशांत ज्याला 'इंडी रॉक' म्हणतात, त्या संगीताच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. उदाहरणादाखल १९९१ हें एकच वर्ष घेऊं. परंतु तेथें पोंचण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

'इंडी' हें 'इंडिपेंडंट' म्हणजे 'स्वतंत्र' या शब्दाचें लाडकें रूप. हें स्वातंत्र्य मूळ कोणापासून होतें? १९७० च्या सुमारास रॉक संगीताच्या तबकड्या काढणें हा मोजक्या बड्या कंपन्यांचा धंदा होता. मुद्रणगृहें त्यांचीं, तबकड्या छापण्याचे कारखाने त्यांचे, आणि माल दुकानोदुकानीं पोंचविणाऱ्या गाड्याहि त्यांच्याच. नवख्या मंडळीला आपलें गाणें लोकांपुढें आणावयाचें तर यांपैकीं एखाद्या दारांत तिष्ठत बसावें लागे. मँचेस्टर येथील 'बझकॉक्स' या मंडळीनें असें तिष्ठण्याचें नाकारलें. त्यांनीं सुमारें ५०० पौंड उसने जमविले, २८ डिसेंबर १९७६ रोजीं चार गाणीं मुद्रित केलीं, आणि जानेवारी १९७७ मध्यें 'स्पायरल स्क्रॅच' ही छोटी तबकडी घरच्याच नांवानें विक्रीस काढली. प्रत्येक गाणें कितव्या खेपेस साधलें, हेंहि त्यांनीं वेष्टनावर छापलें. यांत जादू कांहीं नाहीं, हें तुम्हांलाहि करतां येईल, असेंच जणुं तें सांगणें होतें. पहिल्या १,००० प्रती संपल्या आणि पुढें ती हजारोंनीं खपली.

तबकडी काढणें अशा रीतीनें सोपें झालें. ती गिऱ्हाइकापर्यंत नेणें मात्र अवघडच राहिलें. ती अडचण लंडनच्या पश्चिम भागांतील एका दुकानानें पुष्कळशी दूर केली. ज्यॉफ ट्रॅव्हिस यांनीं १९७६ सालीं उघडलेलें 'रफ ट्रेड' हें दुकान अशा घरगुती तबकड्या विकूं लागलें, नंतर इतर दुकानांना पुरवूं लागलें, आणि १९७८ मध्यें स्वतःच्या तबकड्याहि काढूं लागलें. निरनिराळ्या शहरांतील तशाच दुकानांशीं त्यानें संधान बांधलें आणि बड्या कंपन्यांच्या गाड्यांवांचून माल देशभर जाऊं लागला. जानेवारी १९८० पासून अशा तबकड्यांच्या खपाचा निराळा तक्ता इंग्लंडांत प्रसिद्ध होऊं लागला. त्यांत प्रवेश मिळण्याची अट एकच होती: वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेंतून झालेलें नसावें.

अट नेमकी होती. परंतु ती कानाची नव्हती, गाडीची होती. त्यामुळें एक गंमत झाली. कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेचीं सर्वतोमुखीं झालेलीं नृत्यगीतें १९८८ च्या सुमारास याच तक्त्यांत झळकलीं, कारण तिच्या तबकड्यांचें वितरण स्वतंत्र होतें! तोंवर 'इंडी' म्हणजे एका विशिष्ट वळणाचें गिटारप्रधान, कांहींसें अंतर्मुख, कांहींसें खरखरीत संगीत, असा अर्थ तरुणांच्या मनांत रुजला होता. एकाच शब्दाचे मालकी आणि वळण असे दोन अर्थ झाले, आणि ते एकमेकांस जुळेनात.

याच काळांत तिसरें एक मोजमाप चालूं होतें. बी.बी.सी.वर जॉन पील नांवाचे निवेदक रात्रीच्या वेळीं अप्रसिद्ध मंडळींच्या तबकड्या ऐकवीत. १९७६ पासून ते वर्षअखेर श्रोत्यांकडून आवडत्या गाण्यांचीं नांवें मागवूं लागले आणि त्यांतून निवडलेलीं पन्नास गाणीं 'फेस्टिव्ह फिफ्टी' या नांवानें नाताळाच्या सुमारास ऐकवूं लागले. १९८२ पासून ही निवड त्या त्या वर्षाच्या गाण्यांपुरती ठेवण्यांत आली. तेथें खप मोजला जात नसे. पत्र लिहिण्याइतकी आवड कोणाला आहे, एवढेंच मोजलें जाई.

आतां १९९१ कडे वळूं. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत शिकागोच्या 'टच अँड गो' या छोट्या संस्थेनें 'स्पायडरलँड' हा आल्बम काढला. तो करणारी 'स्लिंट' ही मंडळी केंटकी संस्थानांतील लुईव्हिल गांवची. मुलें विशीच्या आसपासचीं. आल्बम दुकानांत येण्यापूर्वींच मंडळी मोडली होती! त्यांत सहाच गाणीं आहेत. बोलणें बहुतेक हलक्या आवाजांत, जवळजवळ कुजबुजींत. गिटारी दबल्या पावलांनीं चालतात, मध्येंच उसळून अंगावर येतात, आणि पुन्हां निःशब्दाच्या कांठाशीं जाऊन थांबतात. शेवटच्या गाण्यांतील जहाज फुटलेल्या कप्तानाची हकीकत ऐकतांना कोलरिजच्या वृद्ध नाविकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. हा आल्बम त्या वर्षीं फारच थोड्यांच्या हातीं पडला. मात्र 'मेलडी मेकर' या लंडनच्या साप्ताहिकांत स्टीव्ह अल्बिनी यांनीं त्याची मुक्तकंठानें स्तुति केली आणि दहा वर्षांनीं हा मैलाचा दगड ठरेल, असें भाकित केलें. अल्बिनी यांनींच या मंडळीचा पहिला आल्बम मुद्रित केला होता, तेव्हां त्यांस अगदीं तटस्थ म्हणतां येणार नाहीं. पण भाकित खरें ठरलें. पुढील कितीतरी मंडळींनीं या तबकडीपासून धडे घेतले.

त्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या मंडळीनें 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' हा आल्बम काढला. 'डिस्कॉर्ड' ही त्यांची प्रकाशनसंस्था मंडळीपैकींच इयन मकाय यांनीं एका मित्रासह १९८० मध्यें स्थापिली होती. जलशाचें तिकीट पांच डॉलरच्या आसपास ठेवावयाचें, आणि लहानमोठ्या सर्व वयाच्या श्रोत्यांस आंत घ्यावयाचें, हा या मंडळीचा नेम. संगीत कठोर, आणि हिशोबहि तितकाच चोख. तिकडे सिएटल येथील 'मडहनी' यांनीं आठच मार्गांच्या साध्या यंत्रावर आपला आल्बम मुद्रित केला. तो इतका बरा खपला, कीं पैशाच्या ओढाताणींत सांपडलेल्या 'सब पॉप' या त्यांच्या प्रकाशनसंस्थेला श्वास घेण्यास फुरसत मिळाली.

लंडनची 'क्रिएशन' ही प्रकाशनसंस्था तर त्या वर्षीं ऐन भरांत होती. ती ग्लासगोच्या ॲलन मॅगी यांनीं दोन साथीदारांसह १९८३ मध्यें स्थापिली होती. २३ सप्टेंबर १९९१ रोजीं तिनें 'प्रायमल स्क्रीम' यांचा 'स्क्रीमाडेलिका' काढला. त्यांत रॉकच्या गिटारींची आणि रात्रभर चालणाऱ्या नृत्यगृहांतील ठेक्यांची सोयरीक जुळविलेली आहे. नोव्हेंबरांत 'टीनेज फॅनक्लब' यांचा 'बँडवॅगनेस्क' आला. गोड चाली, किंचित् आळसावलेल्या गिटारी, आणि मित्रांनीं सहज मिळून गावें तसे मिसळलेले आवाज हें त्याचें वैशिष्ट्य. त्याच महिन्यांत 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' यांचा 'लव्हलेस' आला. याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता आणि एकोणीस मुद्रणगृहें पालथीं घातलीं गेलीं होतीं. त्यापायीं अडीच लक्ष पौंड उडाले व संस्था बुडावयास आली, अशी आख्यायिका आहे. मंडळीचे प्रमुख केव्हिन शील्ड्स यांनीं तो आंकडा मान्य केलेला नाहीं. गिटारीचे सूर वितळून एकमेकांत वाहत जावे आणि त्या प्रवाहाखालीं मनुष्याचा आवाज बुडालेला ऐकूं यावा, असें तें संगीत आहे. तसें पूर्वीं कोणीं ऐकलें नव्हतें.

'स्क्रीमाडेलिका'च्या दुसऱ्याच दिवशीं, २४ सप्टेंबरला, अमेरिकेंत 'नेव्हरमाइंड' प्रसिद्ध झाला. 'निर्व्हाना' हें नांव आपल्याच 'निर्वाण' शब्दावरून घेतलेलें. या मंडळीचा पहिला आल्बम १९८९ मध्यें 'सब पॉप'नें काढला होता आणि त्याच्या मुद्रणास अवघा ६०६ डॉलर खर्च आला होता. दुसरा मात्र 'गेफन' या मातबर कंपनीच्या 'डी.जी.सी.' या शाखेनें काढला. आरंभीं सुमारें ४६,००० प्रती पाठविण्यांत आल्या. पण जानेवारी १९९२ मध्यें त्यानें मायकेल जॅक्सनच्या आल्बमला अमेरिकेच्या खपाच्या तक्त्यांतील पहिल्या स्थानावरून खालीं ओढलें!

आतां यादी करणाऱ्यानें काय करावें? 'नेव्हरमाइंड' ऐकून ज्याचें रक्त उसळलें नाहीं, असा त्या पिढीचा नादी विरळा. परंतु यादी स्वतंत्र तबकड्यांची असेल तर नियमाप्रमाणें तो बाहेर राहतो. बरें, नियमच पाळूं म्हटलें, तर 'बँडवॅगनेस्क'ची पंचाईत होते. तो लंडनला 'क्रिएशन'चा. पण अमेरिकेंत तो त्याच 'डी.जी.सी.'नें विकला! 'लव्हलेस' अमेरिकेंत 'वॉर्नर'च्या पंखाखालील 'सायर' या शाखेनें काढला. म्हणजे एकच तबकडी अटलांटिकच्या एका कांठावर स्वतंत्र आणि दुसऱ्या कांठावर परतंत्र ठरते. मालकीचें मोजमाप येथें निकामी होतें.

त्या वर्षाचे निकालहि पाहण्यासारखे आहेत. 'स्पिन' या अमेरिकन मासिकानें १९९१ चा सर्वोत्कृष्ट आल्बम म्हणून 'नेव्हरमाइंड'ला मागें सारून 'बँडवॅगनेस्क'ची निवड केली. पुढें या निवडीची पुष्कळ थट्टा झाली; आम्हांला ती थट्टेजोगी वाटत नाहीं. जग एकीकडे धांवत असतां आपल्या कानाला जें गोड लागलें तें सांगणें, यांत हंसण्यासारखें काय आहे? १९९२ मध्यें 'मर्क्युरी' हें पारितोषिक प्रथमच देण्यांत आलें, तें 'स्क्रीमाडेलिका'ला मिळालें. आणि पील यांच्या श्रोत्यांनीं पाठविलेली १९९१ ची निवड त्या नाताळांत ऐकविलीच गेली नाहीं! ती १९९३ मध्यें, दर कार्यक्रमांत एक गाणें याप्रमाणें, हप्त्याहप्त्यानें ऐकविण्यांत आली. पहिलें स्थान निर्व्हानाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ला होतें. जें गाणें तोंवर घरोघर जाऊन पोंचलें होतें, तेंच या कोपऱ्यांतल्या श्रोत्यांनींहि निवडलें होतें. कान आणि बाजार नेहमींच परस्परविरोधी असतात, असें म्हणण्याची सोय त्यांनीं ठेवली नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. 'रफ ट्रेड'ची वितरणव्यवस्था १९९१ मध्येंच कोसळली. मँचेस्टरची 'फॅक्टरी' ही नामांकित स्वतंत्र संस्था १९९२ मध्यें बुडाली. त्याच वर्षीं 'क्रिएशन'चा जवळजवळ निम्मा हिस्सा 'सोनी'ने घेतला. ज्या वर्षीं स्वतंत्र संगीतानें सर्वांत सुंदर फळें दिलीं, त्याच वर्षीं त्याच्या झाडाखालची माती सरकूं लागली होती. यानंतर 'इंडी' हा शब्द मुख्यतः वळणाचा वाचक झाला आणि बड्या कंपन्याहि तो निःशंकपणें वापरूं लागल्या. तथापि 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' यांनीं आपला पुढील आल्बम तब्बल बावीस वर्षांनीं, २०१३ मध्यें काढला, तो कोणाच्याहि दारीं न जातां, स्वतःच. बझकॉक्सच्या उसन्या ५०० पौंडांची परंपरा अगदींच खुंटली नव्हती.

वाचक आमची यादी विचारतील. पहिला 'स्पायडरलँड', दुसरा 'लव्हलेस', तिसरा 'बँडवॅगनेस्क'. त्यामागून फुगाझी, मडहनी आणि 'स्क्रीमाडेलिका'. मात्र एक कबुली दिली पाहिजे. 'स्पायडरलँड' आमच्या कानीं पडला तो त्याची कीर्ति झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. तेव्हां त्याला पहिलें स्थान देण्यांत आमची रसिकता किती आणि मागाहून आलेलें शहाणपण किती, हें आम्हांलाच सांगतां येत नाहीं. मार्च १९९१ मध्यें, मोडलेल्या मंडळीच्या न खपणाऱ्या तबकडीविषयीं ज्यानें छातीठोकपणें लिहिलें, त्याच्या शब्दाचें मोल आमच्या क्रमांकाला नाहीं. म्हणूनच त्या त्या वर्षीं, काळाचा निकाल लागण्यापूर्वीं केलेल्या याद्यांना आम्ही जपण्याजोगा पुरावा समजतों. त्या चुकतात, आणि त्यांच्या चुकाहि इतिहासाच्या उपयोगी पडतात. कारण लोक खरोखर कशावर प्रेम करीत होते, हें त्यांतच उमटलेलें असतें.

प्रकाशनसंस्था विकत घेतां येते. वळणाची नक्कल करतां येते. परंतु आपल्या खोलींत एकट्यानें तबकडी ऐकून 'मला ही आवडली' असें जो म्हणतो, त्याचा कान त्याचाच राहतो. 'स्वतंत्र' या शब्दाचा एवढा एक अर्थ अजून शाबूत आहे. तेव्हां आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी वर्षअखेर अशी यादी करीत बसलेली दिसली, तर वडिलधाऱ्यांनीं ती फाडूं नये. तारीख घालून ती जपून ठेवावी.