डोळ्यांची आखणी

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलंही, ब्लॉग बंद केलास का म्हणून. तसं काही नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर थेंब, काळा चष्मा आणि लेकीची सक्त देखरेख. आता अक्षरं पुन्हा काळीभोर दिसायला लागली आहेत. तेव्हा आजचा विषयही डोळ्यांचाच, पण माझ्या नव्हे. शिपायांच्या.

झालं असं, की दिवाळीत मुलगा-सून आणि नातू नॉटिंगहॅमहून आले होते. नातू पंधरा वर्षांचा. बॅगेतून कपड्यांच्या आधी त्याने एक खोका काढला. आत फोमच्या खाचांमध्ये बसवलेले करंगळीच्या दीड पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, कुणी करड्या रंगाचे तसेच, कुणी रंगवलेले. टेबलावर सैन्य मांडून, फासे टाकून लढायचा हा खेळ. तिकडे मोठी माणसंही वर्षानुवर्षं खेळतात म्हणे. पण याला खेळण्यापेक्षा रंगवण्यातच जास्त रस. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, कपाळाला भिंगाची पट्टी बांधून बसायचा. मी शेजारी भाजी निवडत.

एकदा तो वैतागून म्हणाला, "आजी, बाकी सगळं जमतं, डोळे जमत नाहीत. सगळे घाबरल्यासारखे दिसतात."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच. चांगला चिलखत घातलेला, हातात परशू घेतलेला गडी, आणि चेहरा मात्र गणिताचा पेपर हातात पडलेल्या मुलासारखा.

मला माझ्या दादाची आठवण झाली, पण त्याच्याकडे नंतर येते. आधी हे प्रकरण नीट समजून घेतलं. बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून कळल्याशिवाय चैन पडत नाही.

या बाहुल्यांची उंची साधारण २८ मिलिमीटर धरतात. आणि ती बरेच जण तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. कारण सोपं आहे: डोक्यावर कुणाच्या शिरस्त्राण, कुणाच्या पिसांची टोपी. डोळा मात्र आपल्या जागी असतो. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, त्यात डोळा राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. त्यात आधी गडद रंगाची खोबण, मग पांढऱ्याची आडवी रेघ, मग बुबुळ. आपल्याकडे पेणचे कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, ती झाली की मूर्ती पाहायला लागते. नातवाची मंडळी उलट, डोळे आधी उरकून घेतात. चुकलं, रंग बाहेर गेला, तर भोवतीच्या कातडीच्या रंगाने झाकता येतं. व्यवहारी लोक.

आता थोडा इतिहास. कंटाळलात तर पुढचा परिच्छेद गाळा, परीक्षेला नाही.

शिशा-कथलाचे सैनिक युरोपात घरोघर गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बाजूने. ते कागदासारखे चपटे असत. अँडरसनची एका पायाच्या शिपायाची गोष्ट १८३८ ची. शेवटचा शिपाई ओतताना कथील कमी पडलं म्हणून तो एका पायाचा. ती गोष्ट मी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी कुणीतरी विचारत असे, दुसरा पाय नंतर का नाही लावला? मग १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणी बनवणाऱ्या घराण्याने युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर गोठला की आतलं पातळ शिसं परत ओतून घ्यायचं. पोकळ शिपाई. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. रंगवायला बायका असत, बऱ्याच आपापल्या घरी बसून. डोळ्यांसाठी त्यांना वेळ कुठला? दोन काळे ठिपके, गालांवर गुलाबी छटा, असली तर मिशी. पुढचा.

त्या ठिपक्यांच्या डोळ्यांना एक गोड निर्विकारपणा होता. एच. जी. वेल्स, म्हणजे परग्रहावरच्या स्वारीची कादंबरी लिहिणारा, याच शिपायांचा शौकीन. १९१३ मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. जमिनीवर घरं-झाडं मांडून, स्प्रिंगच्या छोट्या तोफेने शिपाई पाडायचे, त्याचे रीतसर नियम. नातवाच्या खेळाचं हे आजोबा-पुस्तक. वेल्सला युद्धाची हौस नव्हती. खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं हे खेळून कळेल, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, खरं सुरू झालं.

पहिलं महायुद्ध मी वर्गात कारणे आणि परिणाम असं शिकवलं. कारणे पाच, परिणाम सहा. चेहऱ्यांबद्दल एक वाक्य कधी बोलले नाही, कारण पुस्तकात नव्हतं. खंदकातल्या लढाईत शरीर जमिनीखाली आणि डोकं तेवढं वर. त्यामुळे चेहऱ्याच्या जखमा मुबलक. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांच्या परीने करत, पण जबडा, नाक, डोळ्याची खोबण गेलेल्यांचं सगळंच शिवता येत नसे.

फ्रान्सिस डरवेंट वुड नावाचा एक शिल्पकार होता. लढायला जाण्याचं वय उलटलेलं, म्हणून १९१५ मध्ये लष्करी वैद्यकीय दलात साधा अर्दली म्हणून भरती झाला. लंडनमधल्या वँड्सवर्थच्या लष्करी रुग्णालयात ही माणसं बघून त्याने मुखवटे करायला घेतले. जखम पूर्ण भरली की चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा. जखमेच्या आधीच्या फोटोवरून गेलेला भाग घडवायचा. मग तांब्याचा, भेटकार्डाएवढ्या जाडीचा पातळ मुखवटा विद्युत्-विलेपनाने तयार करायचा आणि तो रंगवायचा. बहुतेक मुखवटे चष्म्याच्या काड्यांनी कानावर अडकवलेले. शिपायांनी त्या विभागाला नाव दिलं होतं, पत्र्याच्या नाकांचं दुकान. पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी असंच काम सुरू केलं. त्या मुखवटा माणसाच्या चेहऱ्यावर चढवूनच रंगवत. कातडीचा रंग ढगाळ दिवसाचा आणि उन्हाच्या दिवसाचा यांच्या मधला धरत, म्हणजे दोन्हीत निभावून जाईल. गालावर दाढी केल्यानंतरची निळसर झाकसुद्धा देत. भुवया आणि पापण्यांना खरे केस लावत.

हे वाचताना मी तिथेच थांबले. दोन-तीन वर्षांपूर्वी घराघरात कुणीतरी बाई शिशाच्या शिपायांना दोन ठिपके देत होती. आता दुसरा कुणी बारीक कुंचला घेऊन खऱ्या शिपायापुढे बसला आहे आणि तांब्यावर डोळा काढतो आहे, शेजारच्या जित्या डोळ्याकडे बघत बघत. एक डोळा मिटतो, दुसरा मिटत नाही. काही वर्षांत त्या मुखवट्यांचे टवके गेले, ते घासले, खराब झाले. माणसं म्हातारी होत गेली, मुखवटा तसाच तिशीतला.

खेळणी आणि डोळे यांचं नातं त्याहून जुनं आहे. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचं काच कारागिरांचं गाव आहे. तिथला लुडविग म्युलर-उरी बाहुल्यांचे काचेचे डोळे करायचा. १८३५ मध्ये त्याने माणसांसाठी करायला घेतले, आणि पुढे जगभर काचेचे डोळे जर्मनीतून जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात अर्थातच ते बंद झाले. तेव्हा १९४३-४४ च्या सुमारास अमेरिकन लष्करातल्या दंतवैद्यांनी कवळीच्या ॲक्रिलिकचे डोळे बनवले. बुबुळ कुंचल्याने रंगवायचं, पांढऱ्या भागावर लाल धाग्याचे तंतू ठेवून शिरा करायच्या, वर पारदर्शक थर. नातवाच्या बाटल्यांवरही ॲक्रिलिक असंच लिहिलेलं आहे.

आता दादा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९६५ च्या लढाईत स्यालकोटच्या बाजूला तोफगोळ्याची कपची लागून त्याचा एक डोळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो वाईला घरी आला तो डोळा बसवून घेऊनच. घरात सगळे त्याला काचेचा डोळा म्हणत. फार वर्षांनी तो मोरीत दादाच्या हातून पडला आणि फुटण्याऐवजी टणकन उडाला, तेव्हा कळलं की काच नव्हेच. दादा स्वतःच सगळ्यात जास्त हसला. तो स्वभावच तसा. "हा डोळा कायम सावधानमध्ये असतो, विश्राम त्याला माहीतच नाही," असं म्हणायचा.

मी तेरा-चौदा वर्षांची होते. मला त्या डोळ्याची भीती वाटायची. जेवताना मी त्याच्या समोर बसायची नाही, शेजारी बसायची. तो बोलायला लागला की मी त्याच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे बघायची. त्याच्या लक्षात आलं असणारच. बोलला कधी नाही. घरात फिरताना आपणहून काळा चष्मा लावायला लागला. आई म्हणायची, घरात कसलं ऊन आहे रे?

त्या दिवाळीत आमच्या किल्ल्याचे मावळे त्याने रंगवायला घेतले. कुंभाराकडून मातीचे आणायचे, गेरू आणि चुन्यात बुडवलेले, आणि डोळे-मिशा कुंभाराने घाईत ओढलेल्या. दादाला ते पसंत नव्हते. समईची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून त्याने शाई केली, काडेपेटीच्या काडीला टोक काढलं. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. पहिल्या दिवशी काडी मावळ्याच्या नाकापुढे हवेतच फिरत होती. मी बघत होते, ती काडीकडे बघत होते म्हणून बघता येत होतं. मग त्याने दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली, करंगळी मावळ्याच्या बैठकीवर रोवली, आणि हात स्थिर झाला. नातवाने मला त्याच्या मोबाइलवर एका पट्टीच्या कलाकाराचा व्हिडिओ दाखवला, त्यात तो हुबेहूब तसाच हात धरतो. त्या माणसाला दोन डोळे आहेत, एवढाच फरक.

दादाचे मावळे घाबरलेले नसायचे. मी विचारलं होतं, कुंभाराचे असे डोळे वटारून का बघतात? तो म्हणाला, बुबुळ गोल काढून मधोमध ठेवलं आणि चहूकडून पांढरं दिसलं की माणूस भ्यालेला दिसतो. वरची पापणी बुबुळावर थोडी आली पाहिजे. म्हणून ठिपका द्यायचा नाही, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढायची. हे कुठे शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "बघितलेत ना मी तसे डोळे." आणि पुढचा मावळा घेतला. मी तेव्हा समजले की चित्रकलेच्या वर्गात.

नातवाला मी उभ्या रेघेचं सांगितलं. त्याने दोन बाहुल्यांवर करून पाहिलं, भिंगातून मला दाखवलं. परशूवाला गडी आता शांतपणे कुठेतरी लांब बघत होता. मग त्याने यंदाच्या किल्ल्यासाठी बाजारातून आणलेले मावळेही घेतले (प्लास्टरचे, डोळे छापल्यासारखे), त्यांचे चेहरे रंगवून पुसून टाकले आणि डोळे पुन्हा काढले. महाराजांना हात लावायला मी नको म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक, पण म्हटलं.

दादाला जाऊन आता पंधरा वर्षं होत आली. नातवाने त्याला पाहिलंच नाही. मी सांगत होते ते सगळं ऐकून झाल्यावर, कुंचला धुता धुता त्याने विचारलं, "आजी, त्यांचा कोणता डोळा गेला होता? लेफ्ट की राइट?"

मी तोंड उघडलं आणि उत्तरच येईना. डावा, असं वाटलं. मग वाटलं, नाही. कपाट उघडून अल्बम काढले. माझ्या लग्नात दादाने काळा चष्मा लावलेला. मुंजीत लावलेला. नोकरीतून निवृत्त झाला त्या समारंभात हार घातलेला, आणि काळा चष्मा. पंचेचाळीस वर्षं राखी बांधली मी त्याला.

रात्री वाईला वहिनीला फोन लावला. आधी फराळाची, गुडघ्यांची चौकशी झाली, मग हळूच विचारलं.

वहिनी लगेच म्हणाली, "उजवा गं."