माचाका: अस्सल म्हणजे नक्की काय?

उत्तर मेक्सिकोत, सोनोरा आणि नुएवो लिओनकडे, नाश्त्याला माचाका आणि अंडी असतात. स्पॅनिशमध्ये 'माचाकार' म्हणजे कुटणं. फ्रिज नव्हते तेव्हा बीफला मीठ लावून ते कडक उन्हात वाळवायचे आणि कुटून त्याचे धागे करायचे. घरी कांदा, टोमॅटो, मिरची परतून त्यात हे धागे घालतात, वर अंडी फोडतात. सोबत गव्हाची तोर्तिया.

आता यादी बघा. गाय, कोंबडी, कांदा, गहू १६व्या शतकात स्पॅनिश विजेत्यांनी आणलं. टोमॅटो, मिरची मात्र तिथलीच. ती मिरची पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली, म्हणून आपला ठेचा! मग पदार्थ कुणाचा? माल कुठूनही येवो, ज्यांनी तो आपल्या उन्हात वाळवला, आपल्या हातांनी कुटला, त्यांचा.